शहाणी गाडी, वेडा चालक

१२ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. यातला साष्टांग आज फक्त कागदावर आहे, हे समजून घे.

फोन केला असता तर मी ओरडले असते आणि तू नेहमीसारखा नंतर बोलू म्हणून ठेवून दिला असतास. म्हणून पत्र.

आज माझ्याकडे गाडी शिकायला येणाऱ्या एका मुलीला मी वळण शिकवत होते. वेग आधी कमी करायचा, वळणात शिरल्यावर घाबरून ब्रेक दाबायचा नाही, हे सांगत होते, तर ती फिदीफिदी हसायला लागली. म्हणाली, बाई, अगदी हेच आठवलं, मागच्या आठवड्यात गाड्यांच्या संग्रहालयात गेले होते, तिथला गाइड काय मजेशीर आहे म्हणून सांगू! जाड भुवया, लाल कोट. एका जुन्या हिरव्या गाडीपुढे उभा राहून तो म्हणाला की चाचणीच्या वेळी हिला एकदाच अपघात झाला, तोही एका अतिउत्साही चालकाला वळणावर वेग आवरला नाही म्हणून. आणि मग जरा थांबून म्हणाला, गाडी शहाणी होती, चालक वेडा होता. सगळे पोट धरून हसले म्हणे. तिने नक्कलही करून दाखवली. हात मागे बांधून टाचांवर डुलणंसुद्धा हुबेहूब तुझं.

मी तिला गाडी कडेला घ्यायला लावली. तिला वाटलं, तिचंच काही चुकलं. तिला काय सांगणार होते मी? की तो मजेशीर गाइड माझा सख्खा भाऊ, आणि तो वेडा चालक आमचे बाबा?

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय ते आज कळलं. आपल्या बापाला चारचौघांत वेडा ठरवायचं, तेही पगारी, आणि वर हशा गोळा करायचा. तुला ते शब्द उच्चारवतात तरी कसे?

उत्तर पाठव. लोभ सध्या कुलपात ठेवला आहे.

तुझी,
ठिणगी
(हे नाव तूच ठेवलंस, आता भोग.)


२० फेब्रुवारी

चि. ठिणगीस,

अनेक आशीर्वाद, आणि सोबत एक मोठा पेला गार पाणी. आधी पी, मग वाच.

तुझ्या विद्यार्थिनीने माझं पोट सुटलंय हे सांगितलं नाही, तेवढी तरी अब्रू राहिली. आता मुद्द्याचं. मी तिथे मनाचं बोलत नाही. ठरवून दिलेलं बोलतो. संस्थापकाने मागच्या अंगणातल्या शेडमध्ये विहिरीचे पंप बनवायला सुरुवात केली, मग त्याची तीन चाकांची गाडी, जी पुढे जायची पण मागे घ्यायची तर चौघांना उचलावी लागायची, मग लढाईतले ट्रक, मग दिवाळं निघायची वेळ, आणि मग ही हिरवी गाडी, घोरपड. कागदोपत्री तिला नुसता नंबर होता, पण एकदा रस्ता धरला की सोडत नाही म्हणून कारखान्यात सगळे तिला घोरपड म्हणायला लागले आणि तेच नाव गाजलं. तिने कंपनी तारली. शंभर वर्षं एकाच नावाने टिकलेल्या गाड्यांच्या कंपन्या किती उरल्यात ग? त्यातली ही एक. त्या इतिहासात अपघाताचं वाक्य आहे, आणि ते इतिहास समितीने लिहिलेलं आहे. मी ते गाळलं तर उद्या लाल कोट दुसऱ्याच्या अंगावर. आणि मी बाबांचं नाव कुठे घेतो? एक चालक, एवढंच म्हणतो.

बरं, एक बातमी. एप्रिलमध्ये कंपनीला शंभर वर्षं पूर्ण होतात. जुन्या कामगारांच्या घरच्यांना बोलावलं आहे. मी आईला कळवलं, आणि काय आश्चर्य, ती हो म्हणाली! बाबा गेल्यापासून जिने त्या फाटकाकडे पाहिलं नाही, ती येते म्हणते. कारखान्यासाठी नाही म्हणे, मला कोटात बोलताना बघायला. ती तुझ्या घरी राहते, तेव्हा तुझ्या हातात आहे सगळं. तिला यातलं काही बोलू नकोस. हात जोडतो.

लोभ कुलपातून काढावा, त्याला वास लागेल.

तुझा,
दादा


२८ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि.

पाणी प्यायले. उपयोग झाला नाही.

वाक्य समितीचं, म्हणतोस. त्या मुलीने मला तुमच्या संग्रहालयाची माहितीपुस्तिका आणून दिली. अतिउत्साही चालक त्यात आहे. शहाणी आणि वेडा हे त्यात कुठेच नाही. ते समितीने लिहिलेलं नाही, दादा. ते तुझं स्वतःचं आहे.

आता नीट ऐक, कारण तू विसरल्याचं सोंग घेतो आहेस. त्या चाचणीच्या आधी एकदा जेवताना आपण दोघं टेबलाशी बसलो होतो. बाबांनी काडेपेटी घेतली, ती ताटाच्या कडेने वळवत नेली आणि मागून बोटाने ढकलली. काडेपेटी गर्रकन फिरली. म्हणाले, वळणात अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की ही गाडी अशी मागून सुटते. मी साहेबांना सांगून सांगून थकलो, ते म्हणतात तारीख जाहीर झाली आहे, चालवून दाखव. आईने जाऊ नका म्हटलं. ते म्हणाले, मी नाही चालवली तर नव्या पोराला बसवतील, त्याला तर मागून सुटते हेही माहीत नाही. हे तू माझ्याइतकंच ऐकलंस. तेव्हा तू माझ्यापेक्षा मोठा होतास, म्हणजे जास्तच ऐकलं असशील.

आणि मला एवढंच सांग. गाडी निर्दोष होती, तर बाबा गेल्यावर तिच्या मागच्या चाकांचा अ‍ॅक्सल का बदलला? विक्री पुढे ढकलून, सगळा मागचा भाग उघडून, नवा का बसवला? तुमच्या पुस्तिकेत लिहिलंय, ग्राहकांच्या अधिक सुरक्षिततेसाठी. वा! रस्ता धरायला घोरपड शिकली ती बाबांचा जीव घेऊन. कंपनीची सगळी पत, सगळं नाव त्या एका गुणावर उभं, आणि ज्याने तो दोष दाखवला तो वेडा!

आईला मी काही सांगणार नाही. तुझ्यावर दया म्हणून नाही. तिने कोटाला साजेसे नवे बूट तुला द्यायचे म्हणून आणून ठेवलेत, रोज काढून बघते, आणि माझी जीभ रेटत नाही. ती तुझ्यासमोर उभी राहील तेव्हा काय बोलायचं, ते तुझं तू ठरव.

लोभ मागू नकोस.

ठिणगी


९ मार्च

ठिणगी,

आशीर्वाद.

तुला सोपं आहे. तिथे दूर बसून पेन परजायला काय जातं? त्या गाडीपुढे रोज उभं राहायचं कुणाला असतं? मला. तोच हिरवा रंग, तेच गोल स्टिअरिंग, तोच दरवाजा. तू एकदा येऊन उभी राहा आणि मग मला लाज शिकव.

पहिले काही दिवस मी तिथे पोचलो की बोलायचं सोडून गाडीच्या दरवाजाला धरून उभा राहायचो. लोक एकमेकांकडे बघायचे. एकदा तर एका आजोबांनी मला बसायला सांगितलं, पाण्याची बाटली दिली. मग एक दिवस ते वाक्य तोंडातून निघून गेलं. लोक हसले. हसले की पाय सुटतात, पुढच्या दालनात जाता येतं. एवढंच आहे ते. तुला त्यात हशा गोळा करणारा दिसतो. मला रोजची नोकरी करायची असते.

आणि तुझ्या माहितीसाठी, मी संग्रहालयाच्या प्रमुख बाईंकडे गेलो होतो. तुझं पत्र आलं त्याच दिवशी. म्हटलं, ते वाक्य चूक आहे, बदला. त्यांनी खूप आपुलकीने चहा दिला. म्हणाल्या, शताब्दीचं वर्ष आहे, आता हे उकरून कुणाचं भलं होणार, आणि वडिलांच्या बाबतीत माणूस हळवा असतोच. मी चहा अर्धा ठेवून आलो. एवढाच काय तो माझा पराक्रम. इतका राग आला होता की जिना उतरताना माझा मलाच जोडा हाणावासा वाटला.

पण आई येईल त्या दिवशी मी ते म्हणणार नाही. खरं काय ते सांगेन, समिती गेली खड्ड्यात. शब्द देतो. बास आता.

दादा


१६ एप्रिल

चि. ठिणगीस,

आशीर्वाद. तू ते स्वीकारशील की परत पाठवशील, कोण जाणे.

आई काल आली होती माझ्या फेरीला. पुढच्या रांगेत, नवी साडी, हातात पर्स घट्ट धरून. मी पंपाची शेड सांगितली, तीन चाकी सांगितली, ती हसली, शेजारच्या बाईला सांगितलं की हा माझा मुलगा. मला अगदी शाळेतल्यासारखं वाटलं.

मग घोरपडीपाशी आलो. मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं ग. काडेपेटीपासून सांगणार होतो. पण तिथे माझे पाय ज्या फरशीवर थांबतात, तिथे थांबले, हात मागे गेले आणि तोंड आपोआप सुरू झालं. वर्षानुवर्षं तेच म्हणतोय, ते थांबेना. एका अतिउत्साही चालकाला वळणावर वेग आवरला नाही. माझ्या कानांनी मी ते ऐकत होतो. गाडी शहाणी होती, चालक, एवढं म्हणून मी जीभ चावली. खरंच चावली, रक्त आलं.

आणि दारातला पहारेकरी, जो हे रोज ऐकतो, त्याने मोठ्याने वाक्य पुरं केलं. बिचाऱ्याला वाटलं मी विसरलो. सगळे हसले. शेजारची बाईही हसली, आणि हसत आईकडे वळली.

आई हसली नाही. रडलीही नाही. तिने शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला. मला विचारलं की गाडी शहाणी होती तर तिचा मागचा अ‍ॅक्सल का बदलला. माझ्या तोंडातून काय निघालं असेल? पुढचं दालन डावीकडे आहे. हे म्हणालो मी. आईला.

बाहेर आलो तर ती तिकिटाच्या खिडकीशी उभी होती. घरी माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. मी शिजवलेलं जेवली, भांडी विसळली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. तू ये. माझं काही चालत नाही.

दादा


२१ एप्रिल

चि. ठिणगीस,

अनेक आशीर्वाद. मी ठणठणीत आहे, नुसती संतापलेली आहे. त्याने प्रकृतीला उलट बरंच वाटतं.

तुला सगळं ठाऊक होतं आणि तू गुळणी धरून बसलीस, त्याचा हिशेब मी नंतर करीन. आधी तुझ्या भावाचा.

मी परवाच्या गाडीने परत येत नाही. तिकीट रद्द कर. त्या खिडकीवर वर्षभराचा पास मिळतो, तो मी काढला. खिडकीतल्या पोरीने दोनदा विचारलं की आजी, एवढं काय बघायचंय. म्हटलं, एकच गाडी. त्या गाडीपुढे म्हाताऱ्या माणसांसाठी एक खुर्ची ठेवलेली आहे. तिच्यावर मी सकाळपासून बसते. तुझा भाऊ आणि मी एकाच बसने जातो. तो पुढे बसतो, मी मागे. उतरताना हात देतो, तो मी घेते, गुडघ्यांचा काही दोष नाही.

त्याची प्रत्येक फेरी आली की मी हात वर करते आणि तोच प्रश्न विचारते. पहिल्या दिवशी तो घामाघूम झाला. दुसऱ्या दिवशी वेड्या चालकाचं वाक्य गेलं ते गेलंच. पहारेकरी माझ्याकडे येऊन कान धरून गेला, त्याला काय माहीत होतं म्हणा. ती प्रमुख बाई चहा घेऊन आली होती. तिला सांगितलं, चहा नको, उत्तर द्या. ती उभ्या उभ्या निघून गेली. काल तुझ्या भावाने अतिउत्साही हा शब्दही गाळला. आणि आज दुपारी, माझ्याकडे न बघता, लोकांना म्हणाला की चालकाने दोष आधीच सांगितला होता, आणि त्याला तरीही बसवलं. कोणी हसलं नाही. मी हात खाली घेतला, पण उठले नाही.

त्याला वाटलं, झालं. बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसला. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

नोकरी जाईल, असं तो रात्री पुटपुटत होता. जाईल तर जाईल. ज्या घरातला एक माणूस ह्या कंपनीला वाहिला, त्या घराला आणखी काय भीती घालणार ती? मला तिच्याकडून पाटी नको, हार नको, माफीही नको. मला माझ्या मुलाच्या तोंडून हवं आहे. चालक, चालक म्हणतो अजून. तो चालक माझे वडील होते, एवढं त्या लोकांसमोर म्हणायला त्याची जीभ वळत नाही. ती वळेपर्यंत मी त्या खुर्चीवरून हलणार नाही.

माझा जाड स्वेटर आणि गुडघ्याचं तेल पाठव. त्या दालनात गाड्यांसाठी फार गार ठेवतात.

लोभ आहेच, मागायचा काय त्यात.

तुझी,
आई