पिठीसाखरेचे हात

१२ तारीख, मंगळवार

ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. भाओजींचा गुडघा कसा आहे? मी परवापासून पुन्हा बेकरीत जाते. केकवर नावं लिहायचं काम दुसरीला दिलंय, मी फक्त खोकी बांधते. मालकीणबाईंनीच तसं ठरवलं. वाढदिवसाचा केक न्यायचा असला की बिचाऱ्या माझ्याकडे पाठ करतात.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. दोन्हींत एकच प्रश्न: ‘एवढं पथ्य पाळूनही असं कसं झालं?’ ह्यांचंही तेच. भेटायला येईल त्याला माझी शुगरची वही काढून दाखवतात. “बघा, एक दिवस चुकली नाही.”

ताई, त्या वहीत मी थापा मारल्यात.

सुरुवात खरी होती. बेकरीत बोट टोचलं, आकडा आला दोनशे दहा. माझी पाचावर धारण बसली. हात धुऊन पुन्हा टोचलं, तर एकशे बारा! बोटाला पिठीसाखर होती. तपासणीला गेले तेव्हा सांगितलं, तर डॉक्टरीणबाई पोट धरून हसल्या. “अगं, तू केकची शुगर मोजलीस!” मीही हसले.

तेव्हापासून मला निमित्तच मिळालं. आकडा वाढला की म्हणायचं, बोटाला साखर असेल. पुन्हा टोचायचं नाही, एकशे दहा-पंधरा काहीतरी लिहून मोकळं व्हायचं. एका रविवारी घरी, आंघोळ करून, स्वच्छ हातांनी दोनशे आले. तरी मी तेच म्हटलं. शुगर वाढली तर इन्सुलिन, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. टोचून टोचून काळ्यानिळ्या झालेल्या आईच्या मांड्या आठवायच्या. भ्याले गं मी.

आठव्या महिन्यात बाळ हलायचं थांबलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कधी कधी कारण कळत नाही. वही त्यांच्या टेबलावर उघडी होती आणि मी नुसती मान हलवली. इन्सुलिन घेतलं असतं तर वाचलं असतं का, हे विचारायचा धीर अजून झालेला नाही.

हे रोज स्वतःलाच बोल लावतात. “मीच तुला घरी बसवायला हवं होतं.” ते आता ऐकवत नाही, आणि तोंडाने सांगायला गेले की शब्द फुटत नाही.

म्हणून हे पाकीट मी चिकटवणार नाही. टाकायला त्यांच्याच हातात देईन. आधी वाचा, मग टाका, एवढंच सांगेन. तुला पत्र मिळालं तर समज, त्यांनी वाचलंय. मग लगेच निघून ये.

तुझी
(लाडकी लिहायला हात धजत नाही)
बारकी