दाण्यांचे पाणी

साहेब, आपल्याला देवाघरी जाऊन पुष्कळ वर्षे झाली. तरीही हे पत्र मी ताठ बसूनच लिहीत आहे. महाडच्या त्या कारखान्यात चौथी शिकलेल्या माणसाला 'तुम्ही' म्हणणारे आपण एकटेच होता. पहिल्या दिवशी आपण माझ्या तळहातावर मोहरीएवढे काळे, ओले दाणे ठेवलेत. "हे प्लास्टिक आहे आणि त्याच्या अंगात धातू बसवला आहे. धातू एकटा असता तर वाहून गेला असता, प्लास्टिक एकटे असते तर नुसते पडून राहिले असते. दोघे मिळून जवळून जाणारे रसायन बदलतात, स्वतः मात्र तसेच राहतात. फक्त गाळणीवर कोरडे पडू द्यायचे नाहीत. पेटतात."

माझे अक्षर वळणदार, म्हणून नोंदवही माझ्याकडे. आग लागली त्या दुपारी 'दाण्यांवर पाणी दिले' असे मी आधी लिहिले, ओळ वाकडी आली म्हणून पान पुन्हा उतरवीत बसलो, आणि पाणी द्यायचे राहिले. गाळणी पेटली. आपण ओले गोणपाट घेऊन धावलात. आपले दोन्ही हात भाजले. चौकशीत आपण माझी नोंद वाचलीत, माझ्याकडे पाहिलेत आणि म्हणालात, "नोंद बरोबर आहे. चूक माझी." महिन्याभरात नोकरी सोडलीत. निघताना बरणीभर दाणे माझ्या हाती दिलेत. "यांना पाणी देत जा," एवढेच.

पोलादपूरच्या वरच्या वाडीत, माझ्या खिडकीत ती बरणी आहे, तोंडाला फडके बांधलेली. दर सोमवारी मी पाणी घालतो. यंदा डोळ्याच्या ऑपरेशनासाठी दोन महिने मुंबईस मुलाकडे राहिलो. परतताना वीर स्टेशनापासून एकच विचार मनात होता, दाणे कोरडे पडले असतील. कुलूप उघडले. पाणी काठोकाठ होते. फडके ओले होते.

आत कोण आले होते म्हणून विचारले, तर शेजारीण हसली. "आजोबा, चावी तुमच्याच कमरेला हाय, आत कोण जाईल? मांजर पाणी पितं, भरत नाय."

त्यानंतर तीन सोमवार मी बरणीला हात लावलेला नाही. पाणी उतरत नाही. काल फडक्याची गाठ पाहिली. ती माझी नव्हे. बोटे न वळणाऱ्या माणसाने बांधावी तशी सैल आहे.

ती नोंद खोटी होती, साहेब. आपण ते ओळखले होते, हे मला त्याच दिवशी कळले होते. या पत्रास पत्ता नाही, बरणीखाली ठेवीन. आणखी एक सांगावयाचे आहे. हल्ली बाहेर पडताना मी तांब्या भरून बरणीशेजारी ठेवतो. भाजलेल्या हातांनी हंडा उचलवत नसेल.