खंडेनवमीची डिस्क

मस्कत,
गणपतीच्या आधीचा शुक्रवार

प्रिय सलिल,

तुझा मेल पोचला. उत्तर मेलनंच दिलं असतं तर तुला लगेच मिळालं असतं, पण मला घाई नाही, आणि मेल माणूस उभ्या उभ्या वाचतो आणि पुसून टाकतो. आमच्या खोलीतला एक जण, साताऱ्याकडचा आहे, गणपतीला घरी निघालाय. तो हे पाकीट पुण्यात टपालात टाकील. हातानं लिहायची मला सवय नाही, कधीच नव्हती. दहावीला दोनदा बसून दोनदा उठलेला माणूस मी. अक्षर लागलं नाही तर थोडं डोकं चालव, पण काकूंना वाचायला देऊ नकोस. एकट्यानं वाच.

इकडचं म्हणशील तर बरं चाललंय. आधी दुबई, मग बहारीन, आता हे. एका जागी वर्ष काढलं की मला अंगात काहीतरी चावायला लागतं, मग मी दुसरी कंपनी बघतो. सध्या मॉलच्या छताला कॅमेरे बसवायचे आणि त्यांच्या तारा ओढायच्या, दिवसभर शिडीवर. वरून माणसं गमतीदार दिसतात रे. खाली सगळे सरळ चालतात, पण कॅमेऱ्याकडे नजर गेली की खिशातला हात बाहेर काढतात. आमचा मुकादम केरळचा आहे, मला भानूऐवजी 'बानू' म्हणतो. मी दुरुस्त करत नाही. पुण्यात लोकांनी जी नावं ठेवली त्यापेक्षा हे बरंच बरं.

आता तुझ्या मेलवर येतो. तू लिहिलंस, 'झालं गेलं विसरून ये. बाबांनी तुला मनापासून माफ केलंय. रावसाहेबांशीही मी बोललोय, त्यांच्या मनात आता काही नाही. वाघोलीत त्यांच्याच नव्या बिल्डिंगमध्ये त्यांच्याच भागीदारीत स्टुडिओ उघडतोय, दसऱ्याला उद्घाटन, लाइटचं सगळं तुझ्या हाती देतो.' मी हे जेवणाच्या सुट्टीत वाचलं. मग 'माफ' हा शब्द परत वाचला. डब्यातली पोळी तशीच राहिली आणि मी परत शिडीवर चढलो.

तुला शनिवार पेठेतलं काकांचं, तुझ्या बाबांचं, फोटोचं दुकान आठवतं का, की आता आठवावं लागतं? काका गिऱ्हाइकाला सांगायचे, फोटो आम्ही काढू, हसण्याचं तेवढं घरून करून या. मी त्यांच्याकडे लागलो तो लाइटचे स्टँड उचलायला. लोणी काळभोरहून सकाळची पीएमटी पकडायचो. काका मला म्हणाले होते, तुम्ही काळभोरातले, उजेड धरता येतो ना, की तोही ट्रॅक्टरला जोडून आणता? पण दुपारी डबा उघडला की काकूंनी माझ्यासाठी दिलेली कोशिंबीर ते स्वतः पुढे सरकवायचे. असा माणूस. म्हणून मला त्यांचं बोलणं कधी लागलं नाही. लागलं ते पुढं, जेव्हा ते चारच शब्द बोलले.

तू तेव्हा सॉफ्टवेअर कंपनीत नवा नवा लागला होतास. पहिल्या काही पगारांतून बाबांसाठी तो मोठा कंप्युटर घेतलास आणि सुट्टीच्या दिवशी मांडी घालून त्यात दोन डिस्क बसवल्यास. मी बॅटरी धरून शेजारी होतो. तू मला समजावलंस, भानू, दोन डिस्क आहेत पण कंप्युटरला वाटणार एकच आहे. एकीवर जे लिहिलं जाईल ते दुसरीवरही. एक मेली तरी दुसरी जिवंत. याला वेगळं काही यंत्र लागत नाही, हा आतल्या आत स्वतःच करतो, आपण फक्त सांगायचं. ह्याला मिरर म्हणतात. मला ते फार आवडलं होतं. तू मला खूप शिकवलंस, हे मी नाकारत नाही. मी जे चार पैसे आज कमावतो त्यातलं बरंचसं त्या फरशीवर बसून शिकलेलं आहे. काकांना तू म्हणालास, बाबा, आता सगळ्याच्या दोन प्रती असतात, टेप साठवून कपाट भरू नका, कंप्युटरमध्ये उतरवली की तीच टेप पुढच्या कार्यक्रमाला वापरा. काकांना काटकसर सांगायला लागते का. दुसऱ्या दिवशी कपाट रिकामं.

मग खंडेनवमी आली. कॅमेरे, लेन्स, ट्रायपॉड, माझे दिवे, सगळं पाटावर मांडलं. काका कंप्युटरच्या पेटीकडे बघून म्हणाले, पेटीला हळदकुंकू लावून काय उपयोग, काम आतला करतो, त्याला बाहेर काढा. तू हसलास. पण रावसाहेबांचं काम तोंडावर होतं, मशीन बंद ठेवून चालणार नव्हतं. तेव्हा तूच तोड काढलीस. दोनातली एक डिस्क बाहेर काढून पाटावर ठेवली, दुसरी कामाला राहिली. जोडी असल्याचा हाच तर फायदा, म्हणालास. काकांनी त्या डिस्कला गंध लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. संध्याकाळी काकूंनी ती उचलून देवघरात नेली आणि म्हणाल्या, पुजलेली वस्तू आहे, पौर्णिमेपर्यंत राहू दे देवापाशी. कुणी नाही म्हणालं नाही. घरातली पद्धत तशीच होती, काकूंनी देवापाशी नेलेलं काकासुद्धा मागत नसत.

दसऱ्याला लोणीत रावसाहेबांच्या आई सुशीलाबाईंचा सत्कार होता. म्हाताऱ्या नव्वदीच्या पुढं गेलेल्या, पण जीभ तरणी. माझे वडील, आमचे नाना, रावसाहेबांच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते, त्यामुळे मी दिवे धरून उभा होतो पण छाती अशी की कार्यक्रम आमच्याच घरचा आहे. हार घालायला आमदार पुढे झाले तर म्हातारी माइकात म्हणाली, हार नगं, ह्या रावश्याला सांगा आधी घरी जेवायला येत जा म्हनावं, मिटिंगा खाऊन पोट भरत न्हाई. सगळा मांडव हसला. रावसाहेब स्वतः डोळे पुसत हसले. त्या माणसाला मी त्याआधी कधी हसताना बघितलं नव्हतं. हे सगळं टेपवर आलं, टेपवरून कामाच्या डिस्कवर आलं, आणि तीच टेप काकांनी कोजागिरीला खराडीच्या एका कंपनीच्या गरब्याला वापरली.

कोजागिरी झाली, काकूंनी डिस्क परत दिली. फडक्यानं कुंकू पुसलंस. कुंकू आत गेलंय का बघू म्हणून तू कामाची डिस्क काढून ठेवलीस आणि पुजेची एकटीच जोडून मशीन चालू केलंस. चालली. मग दुसरी जोडलीस. पडद्यावर पुजेची डिस्क बरोबर आणि कामाची लाल दिसायला लागली, जोडी परत बांधू का असं विचारत होता तो. तू वाचलंस की नाही मला माहीत नाही. मी शेजारी लाइटचा बल्ब बदलत होतो. तू माझ्याकडे बघून म्हणालास, बघ, आता ही तिला सगळं शिकवील. आणि बटण दाबलंस. निळी पट्टी हळूहळू भरत गेली, आपण खाली जाऊन चहा पिऊन आलो. आल्यावर तू सुशीलाबाईंचं काम उघडायला गेलास तर ते कुठंच नव्हतं. देवघरातल्या डिस्कला दसरा माहीतच नव्हता. जिला काही माहीत नव्हतं तिनं जिला माहीत होतं तिला शिकवलं. तू पांढरा पडला होतास. चूक कुणाच्याही हातून झाली असती, आणि हे मी तेव्हाही म्हणालो होतो. आठवतं का?

जिन्यात तू माझा दंड धरलास. म्हणालास, भानू, थोडे दिवस गप्प राहा, काहीतरी सॉफ्टवेअर आणून काढतो परत, नाहीच निघालं तर मी स्वतः सांगतो बाबांना. मी म्हटलं बरं. मित्र म्हणून म्हटलं. रावसाहेबांकडून फोन आला की तू एडिटिंग चालू आहे म्हणायचास. दिवाळीनंतर म्हातारी गेली. तेराव्याला मांडवात ते दाखवायचं म्हणून रावसाहेब स्वतः दुकानाची पायरी चढून आले. काकांनी तुझ्याकडे बघितलं. आणि तू म्हणालास, त्या दिवशी मशीनवर भानू होता.

एवढंच. खोटंसुद्धा धड नव्हतं बघ ते. मी होतोच तिथं. मी तुझ्याकडे बघत राहिलो, की आता पुढचं बोलशील, आता बोलशील. तू कॅमेऱ्याच्या पिशवीची चेन लावत बसलास. रावसाहेबांनी माझ्यावर हात उचलला नाही. पायात चप्पल सरकवली आणि गेले. काका म्हणाले, दिवे ठेव आणि जा. मी काही बोललो असतो तर कुणी ऐकलं असतं? एका बाजूला इंजिनिअर पोरगा, दुसऱ्या बाजूला लाइटवाला. आणि खरं सांगू, मला तेव्हाही वाटत होतं की तू संध्याकाळपर्यंत सांगशील.

दुसऱ्या दिवशी नानांना रावसाहेबांच्या दिवाणजीनं सांगितलं, उद्यापासून येऊ नका. गावात पोरं मला 'पुश्या' म्हणायला लागली, म्हातारीला पुसून टाकणारा म्हणून. आई पिठाच्या गिरणीत गेली तर एक बाई सगळ्यांदेखत म्हणाली, हिच्या पोरानं रावसाहेबाची म्हातारी दुसऱ्यांदा मारली. आई दळण तिथंच टाकून आली. मग आम्ही वाघोलीत खोली घेतली. नाना आता एका सोसायटीच्या गेटवर बसतात, येणाऱ्या गाड्यांना सलाम करतात. ज्या माणसानं जन्मभर स्टिअरिंग सोडलं नाही त्याला मी खुर्चीवर बसलेलं बघू शकत नाही, म्हणून मी इतका लांब आहे. काम नाही म्हणून नाही. आणि तू मला वाघोलीलाच बोलावतोस, रावसाहेबांच्या बिल्डिंगमध्ये, माफ करून.

इतकी वर्षं मी शिडीवर उभा राहून तुला मारायच्या पद्धती ठरवल्यात, हे तुला सांगायला मला लाज वाटत नाही. कधी उद्घाटनाला येऊन माइक हातात घ्यायचा, कधी तुझ्या कंपनीच्या दारात उभं राहायचं. सगळ्यात एकच खोट होती. मी ओरडलो असतो आणि लोकांनी म्हटलं असतं, जुना राग आहे. तुझं काही गेलं नसतं. तू पिशवीची चेन लावत बसला असतास.

म्हणून तुझा मेल आल्यावर, गेल्या सुट्टीच्या दिवशी, मी इथून पुण्यात एक फोन केला. काकांना किंवा रावसाहेबांना, दोघांपैकी एकाला. कुणाला ते तुला सांगणार नाही. देवघरापासून जिन्यापर्यंत सगळं सांगितलं, मध्ये एकदाही अडवलं नाही मला. शेवटी फक्त म्हणाले, बरं केलंस सांगितलंस, आता ह्यात तू पडू नकोस. मी विनंती केली की दसऱ्यापर्यंत सलिलला काही विचारू नका, आणि ती त्यांनी मानली. हे पत्र तुला एवढंच कळवायला लिहिलं. मी येणार नाही, दिवे दुसऱ्या कुणाकडून लावून घे. तू रोज काकांबरोबर जेवशील आणि रावसाहेबांबरोबर फरशीचा रंग ठरवशील. दोघांतलं कोण आपल्याकडे जरा जास्त वेळ बघतंय हे तुझं तूच शोध. मी गावात प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत शोधायचो तसं. सुटायचं असेल तर एक वाट मी ठेवली आहे, स्वतः जाऊन सांगायचं. पण मग दोघांनाही सांगावं लागेल तुला. एकाला ते पहिल्यांदाच कळेल, आणि दुसरा तू कधी तोंड उघडतोस याची वाट बघत बसलाय.

तुझाच,
भानुदास