आकृती सातमधले चार मुकुल

ता. ४ जानेवारी

ती. आत्यास,
ठकीचा सा. न. वि. वि.

सराव परीक्षेत प्रात्यक्षिकाचे दोन गुण गेले. गुलाबाच्या पानाची आकृती मी पुस्तकातल्या आकृती सातवरून डोळे मिटून काढू शकते, तशीच काढली. बाईंनी त्यावर लाल काट मारली. मी पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं, तर म्हणाल्या की पुस्तकच चुकलंय. मग वर्गात का सांगितलं नाही, असं विचारलं. तर म्हणे हे पुस्तक लिहिणारे सरच पुस्तकं निवडणाऱ्या समितीवर आहेत, मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार?

आत्या, गेल्या वर्षी वार्षिक परीक्षेत मी हीच आकृती अशीच काढली होती आणि दोनच गुणांनी नापास झाले होते. वर्षभर मला वाटत होतं की माझंच डोकं मठ्ठ. यंदाही गेले तर शाळा सोडून शिवणयंत्रावर बसायचं, असं बाबांनी सांगून टाकलंय.

ती चित्रं तुझी आहेत हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तू चुकणार नाहीस हे मला ठाऊक आहे. म्हणजे सरांनीच मागाहून खाडाखोड केली असणार. खरं काय ते कळव. मग त्या माणसाला मी सोडत नाही.

बाबांची शिंक सोडली तर घरी सगळं ठीक. माया आहे ती वाढव.

तुझी,
ठकी


ता. ११ जानेवारी

चि. ठकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

खाडाखोड कोणी केली नाही. आकृती सातमधले ते चार चुकीचे मुकुल मीच काढले, शुद्धीवर असताना, बारीक निबानं.

तीन वर्षं मी सरांसाठी चित्रं काढत होते. खिडकीत पाण्याच्या बरण्या, त्यात फांद्या, आणि मान मोडेस्तोवर मी. मुळं, खोडं, पानं, फुलं मिळून एकशे बेचाळीस आकृत्या. एकच राहिली होती, सातवी. ती काढायच्या दिवशीच छपाईपूर्वीचे कागद आले. पहिल्या पानावर सरांचं नाव, सरांच्या पत्नीचे आभार, टंकलेखकाचे आभार. माझं नाव कुठंच नाही. विचारायला गेले तर हसून म्हणाले की चित्रं काय, हात फिरवला की होतात, विद्या आमची असते.

मी घरी आले. बरणीत गुलाबाची फांदी होती. ज्या पाच हिरव्या तुकड्यांना लोक पाच पानं म्हणतात, त्या खरं तर पर्णिका; पाचही मिळून एकच पान असतं. ओळखायची खूण एकच, मुकुल, म्हणजे फुटायच्या बेतातला डोळा. तो पानाचा देठ खोडाला मिळतो तिथं बगलेत असतो, पर्णिकेच्या बगलेत कधीच नसतो. विद्या ज्याची असेल त्याला हे पहिल्या नजरेत दिसायला हवं. म्हणून बाजूच्या चार पर्णिकांपाशी मी चार मुकुल बसवले आणि कागद पाठवून दिला. त्यानं पाहिलंच नाही. अकरा वर्षं मी वाट बघतेय, की चारचौघांत त्याचं हसं कधी होतं.

त्यात तुझं वर्ष जाईल हे माझ्या डोक्यात आलं नाही. लाज वाटते, ठकी. पण त्याच्यावरचा राग अजून कमी झालेला नाही, हेही खरं.

परीक्षेत पुस्तकावर नको, हातातल्या फांदीवर विश्वास ठेव. आणि हे कुणाला बोलू नकोस. जमलं तर लोभ ठेव.

तुझी,
आत्या


ता. २० मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दोन महिने लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर वाईट लिहिलं असतं. तुझा सूड माझ्या पाठीवर वळ उठवून गेला. आणखी किती जणींच्या पाठीवर, ते तू मोजलं आहेस का?

काल प्रात्यक्षिक झालं. परीक्षक दोन, त्यातले एक खुद्द सर. माझ्या वाट्याला गुलाबाचीच फांदी आली. मी मुकुल फक्त देठाच्या बुडाशी दाखवला. सरांनी वही उचलली आणि दुसऱ्या परीक्षकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले की ही मुलगी आकृती सात शिकलेलीच दिसत नाही. मी त्यांच्यापुढे फांदी धरली आणि पर्णिकेचा मुकुल बोट ठेवून दाखवायची विनंती केली. त्यांनी चष्मा पुसला, भिंग मागवलं, पर्णिका वाकवून वाकवून बघितल्या. दुसऱ्या परीक्षकांनी तोंडावर रुमाल धरला.

मग सरांनी विचारलं की हे कोणी शिकवलं. तू बोलू नकोस म्हणाली होतीस, मी बोलले. सगळी चित्रं माझ्या आत्याची आणि ते चार मुकुल तिनं मुद्दाम बसवलेत, असं सांगितलं. तुझं नाव आडनावासकट घेतलं. तुम्हा दोघांनाही शिक्षा व्हावी असं मला वाटत होतं, आणि अजून वाटतंय.

राग आहे म्हणून लोभ नाही असं समजू नकोस.

ठकी


ता. २ जुलै

चि. ठकीस,
अ. उ. आ.

पास झाल्याचं तुझ्या बाबानं कळवलं. पत्रात तीनदा लिहिलंय, म्हणजे पठ्ठ्या रडला असणार.

आता माझी बातमी. पुस्तकाची नवी आवृत्ती दुकानात आली. आत गुलाबी कागदाची चिठ्ठी चिकटवली आहे. जसंच्या तसं उतरवते: ‘आकृती सातमधील चूक लेखकाची नसून, या पुस्तकातील सर्व आकृत्या काढणाऱ्या बाईंच्या निष्काळजीपणामुळे झाली आहे.’ आणि खाली माझं पूर्ण नाव.

मी दुकानात उभ्या उभ्या हसले. दुकानदारानं पाणी आणून दिलं. मला बदनाम करायच्या घाईत त्यानं स्वतःच छापून टाकलं की सगळ्या आकृत्या मी काढल्या.

तू विचारलंस ते मोजायला मी तुमच्या शाळेत गेले होते. बाई म्हणाल्या की लाल काट दर वर्षी मारावी लागे, मुली किती ते आठवत नाही. त्यांना मी आकृती सातचा नवा तक्ता काढून दिला. भिंतीवर टांगलाय. त्यानं मागचं काही परत येत नाही, हे कळतं. मला माफ करायची घाई करू नकोस.

तुझी,
आत्या


ता. ९ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कॉलेज सुरू झालं. आज वर्गात शेजारच्या मुलीनं ते पुस्तक उघडलं, गुलाबी चिठ्ठी वाचली आणि ही निष्काळजी बाई कोण, असं विचारलं.

मी सांगितलं की ती माझी आत्या, आणि चित्र काढताना तिच्या हातून आजवर एकही चूक झालेली नाही. हे मी अभिमानानं म्हटलं की रागानं, ते मलाही नीट कळलं नाही. तुला कळलं तर कळव.

तुझीच,
ठकी