आरसा न धरता उतरवलेल्या रेघा

रुम्फी, रविवारनंतरचा मंगळवार

प्रिय लुसुंगु,

करोंग्याच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानाने तुला काम दिलं नाही, आणि तू तिथल्या बाजारात तांदळाची पोती उचलतोस, हे तुझ्या बहिणीने सांगितलं. ऐकून मला काहीच वाटलं नाही. हल्ली तसंच होतं. जेवतो, प्रार्थना करतो, कामाला बसतो.

बारीक ड्रिल इथे अजून मिळत नाही. सर्किटच्या तांब्याच्या पाटीवर करवतीच्या पात्याने रेघा कोरायच्या आणि भोकं न पाडता प्रत्येक भागाचे पाय वरूनच टेकवून कथलाचा डाग द्यायचा, हेच चालू आहे. रेघा माझ्या, डाग तुझे, असं अठरा वर्षं होतं. आता दोन्ही मीच करतो. माझे डाग तुझ्यासारखे चमकत नाहीत.

न्यागोंडवेंच्या महिला मंडळाची अंडी उबवायची पेटी आपण केली, तेव्हा आराखडा मी पुस्तकातून उतरवला. डाग द्यायची कांडी तापवता तापवता तू विचारलंस, "अरे, आरसा धरून उतरवलास ना? हा भोकं पाडणाऱ्यांचा आहे. त्यांचे भाग पलीकडून बसतात, आपले रेघांच्याच बाजूने." मी म्हणालो, "तू डाग दे लेका, डोकं मी चालवतो." "बरं, गुरुजी," म्हणून तू हसलास आणि माझ्या खुणांप्रमाणे पाय जोडलेस. दुकानाच्या उबेत पेटी चालली. आपल्याकडच्या जूनच्या हिवाळ्यात तिचा ऊब देणारा दिवा लागलाच नाही. दोनशे अंडी गार पडली. न्यागोंडवे दारात येऊन म्हणाल्या, "पिल्लं कुठायत? की दोघांनी न्याहारी केलीत त्यांची?" गिऱ्हाइकं हसली. त्या हशात मी बोलून गेलो, "लुसुंगुचा डाग कच्चा राहिला." त्यानंतर तुझ्या हातचं काम गावात कोणी घेईना.

तू गाव सोडल्यावर मी पाटी तपासली. एकही डाग कच्चा नव्हता. ट्रान्झिस्टरचे कडेचे दोन पाय उलटसुलट होते, अगदी माझ्या खुणांवर. तसा जोडला तरी तो थोडाफार चालतो, म्हणून दुकानात कळलं नाही. मी पाटी कापडात गुंडाळून ठेवली आणि गप्प बसलो.

रविवारी चर्चमध्ये उभं राहून सांगितलं. न्यागोंडवे म्हणाल्या, "आम्हाला काय सांगतोस बाबा? ज्याचं नाव घालवलंस त्याला सांग." म्हणून हे पत्र. पण चर्चमध्येही मी सगळं सांगितलं नाही. तुला घ्यायचं की नाही हे ठरवण्याआधी करोंग्याच्या दुकानदाराने मला फोन केला होता. "याचा हात कसा आहे?" पाटी तेव्हा तपासून झाली होती. मी म्हणालो, "माणूस चांगला आहे," आणि हाताबद्दल बोललो नाही. काल त्याला खरं काय ते सांगितलं.  तो म्हणाला, "सोमवारी पाठवा त्याला. तुम्ही मात्र इकडे फिरकू नका." तू जा. तिथे माझी ओळख सांगू नकोस.

तुझाच,
खुम्बो