पलीकडची

सोमवार, ४ फेब्रुवारी

पाडायचं घर, आणि त्याचा इतिहास हवा! परवानगीच्या खिडकीवरचा कारकून म्हणतो, "शंभर वर्षांवरची विटांची इमारत आहे बाई. मोजमापाचा नकाशा आणि दोन पानं माहिती — कोणी बांधली, कोण राहिलं, काय फेरफार झाले." दादाला फोन केला. तो परगावी, त्याला हसायला काय जातंय! "नकाशे काढणं तुझीच नोकरी. इतिहासही काढून टाक."

टाकते. मला हे घर गेलेलं हवंय. सत्तेचाळीस वर्षं एकाच जिन्यावर मान वाकवून चढतेय. सरळ भिंती हव्यात, लिफ्ट हवी. बस्स.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

एक पान झालं. पणजोबांची वीटभट्टी होती. जास्त भाजलेल्या, वाकड्या विटा कोणी घेईना, त्यांचंच घर बांधलं. म्हणून एकही खोली काटकोनात नाही. आजोबा टपालखात्यात. त्यांची दोन मुलं — थोरली मुलगी, आणि सात वर्षांनी धाकटे माझे बाबा.

थोरली म्हणजे पलीकडची. सख्खी आत्या, पण या घरात तिला कोणी आत्या म्हणत नाही. मधल्या भिंतीच्या पलीकडे एकटी राहते, वह्या-पुस्तकांची बांधणी करते. तिचं दार मागच्या गल्लीत, आमचं मोठ्या रस्त्यावर. दिवसभर तिचा हातोडा ऐकू येतो, ठक ठक. समोर आली की ती पदर सावरते, बाबा चपलेकडे बघतात. बोलणं नाही. साठ वर्षं!

बिल्डरच्या कागदावर तीन सह्या लागणार — बाबांची, माझी आणि तिची. तिची कोण मागणार?

शनिवार, ९ फेब्रुवारी

फेरफारात लिहायला भांडणाचं कारण हवं म्हणून विचारलं. दादा म्हणतो कोर्टात गेले होते. आई सांगायची, ती आजोबांना नाही नाही ते बोलली. चुलतमामा म्हणतात, तिला मनाविरुद्ध लग्न करायचं होतं. तीन माणसं, तीन भांडणं!

बाबांना विचारलं. पेपर उलटा धरून वाचत बसले.

"बाबा, भिंत कधी घातली?"

"झाली त्याला बरीच वर्षं."

"का?"

"चहा टाक."

डोकं फिरलं. मुद्दाम बिनसाखरेचा केला. मुकाट प्यायले. त्याचाच जास्त राग आला.

रविवार, १० फेब्रुवारी

दिवसभर टेप घेऊन घरभर. बाहेरच्या विटा चपट्या, लांब. मधल्या भिंतीच्या जाड, बाजारच्या. आणि कोपऱ्यात फट — माझी स्टीलची पट्टी सरळ आत गेली! वीतभर!! हे काय?

मंगळवार, १२ फेब्रुवारी

आमच्या ऑफिसच्या साइटवरच्या गवंड्याला घरी आणलं. म्हातारा आहे, फार बोलत नाही. कोपऱ्यात बोट फिरवलं, नखानं सांधा खरवडला.

"मॅडम, ही भिंत कायमची नाही."

"साठ वर्षं उभी आहे हो!"

"असेल. पण जुन्या भिंतीत दात धरलेले नाहीत, विटा एकमेकींत गुंतवलेल्या नाहीत, नुसती टेकवलीय. बाकी घर चुन्यात, ही मातीत. काढताना वीट फुटू नये अशी रचलीय. ज्यानं घातली त्याला ती काढायची होती."

तो गेल्यावर एका जागी बसवेना. भांडून घातलेली भिंत कोणी अशी घालतं?

बुधवार, १३ फेब्रुवारी

मागच्या गल्लीपर्यंत गेले. परत आले.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

गेले! अर्धा दिवस रजा टाकून गेले.

दार उघडंच होतं. खळीचा वास, कागदांचे गठ्ठे, आणि मध्ये ती, त्र्याऐंशीची, सुईत दोरा ओवत होती. चष्म्यावरून बघितलं. "ये. ते स्टूल घे, हे डुगडुगतं." जशी काही मी रोज येते! सहीचा कागद पिशवीतून निघेचना. एकदम विचारलं, "तुमचं आणि बाबांचं भांडण कशावरून झालं?"

"भांडण?" दोरा तसाच हातात. "कसलं भांडण?"

मी तिन्ही सांगितली. ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी. मग हसणं थांबलं, पाणी थांबेना.

"क्षय झाला होता गं मला. चोवीस वर्षांची होते. डॉक्टर म्हणाले सहा महिने वेगळं ठेवा. वडिलांनी स्वतः भिंत घातली, तुझा बाप विटा देत होता. रडत होता नुसता. सहा महिन्यांनी पाडू, म्हणाले. मी आठव्या महिन्यात बरी झाले. डॉक्टरनं लिहून दिलं. भिंतीवर थाप मारून ओरडले, मी बरी झाले रे! पलीकडे हालचाल कळली. पण कोणी बोललं नाही."

"मग?"

"मग काय. घाबरत असतील म्हटलं, थांबू थोडं. मग तुझी आई आली. मग तुम्ही झालात. घरात तान्हं मूल, मी कशाला विषय काढू? अशी वर्षं गेली." सुई ठेवली. "तुझं रडणं ऐकू यायचं. पोटात दुखायचं तुझ्या फार. ओवा द्या म्हणून सांगावंसं वाटायचं."

मी सही न मागता उठले. दारात म्हटलं, "येते आत्या." तोंडातून तसंच आलं.

शनिवार, १६ फेब्रुवारी

बाबांसमोर उभी राहिले. "ती थाप तुम्ही ऐकली होती?"

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग — "मीच होतो खोलीत." आवाज बापाचा वाटेना. "वडील म्हणाले, अजून एक महिना थांबू. मी गप्प बसलो. मग ते अचानक गेले. तेव्हा मी पाडायला हवी होती. कुदळ आणलीसुद्धा. पण पाडली की ताई समोर उभी राहणार आणि विचारणार, एवढे दिवस का लावलेस? काय सांगू? मला भीती वाटायची गं आजाराची. सख्ख्या बहिणीची भीती! हे तिला कसं सांगू?"

"आणि आम्हाला सांगितलं भांडण?"

"मी नाही सांगितलं. लोकांनी सांगितलं. मी नाही म्हटलं नाही."

चीड आली. मग बघितलं, ते चष्मा उलटाच घालताहेत. मी पाणी दिलं. बाकी काय देणार?

मंगळवार, १९ फेब्रुवारी

दादाचा फोन. "सही झाली का? बिल्डर थांबणार नाही." म्हटलं, बघते. "बघते काय? तुलाच घाई होती ना?" होती. माझं मलाच कळेनासं झालंय.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

दुसरं पान लिहायला घेतलं. 'फेरफार: एक भिंत.' पुढे सरकत नाही. चार कागद फाडले.

बाबा दोनदा चपला घालून दारापर्यंत गेले. दोनदा काढल्या.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

बाबा जेवले नाहीत. मी खूप बोलले त्यांना, नको इतकं. "जायचं तर जा नाहीतर आयुष्यभर चपला घाला आणि काढा!" बोलायला नको होतं मी.

रविवार, २४ फेब्रुवारी

सकाळी चहा घेऊन गेले तर खोलीत बाबा नाहीत. औषधांचा डबा नाही, उशी नाही, अंगावरची चादरही नाही.

दादाला कळवलं, तीनपैकी एकही सही मिळणार नाही.

आत्ता दुपारचे चार. भिंतीपलीकडे दोघं कडाकडा भांडताहेत — खिडकी उघडी ठेवायची की लावायची!