पस्तीसच्या सहा डब्या

टोलर्स फोर्क, वेस्ट व्हर्जिनिया
रविवार, ३ ऑक्टोबर २०२१

हॉलिस,

आम्ही बरे आहोत. तूही बरा असशील. नसलास तरी तू कळवणाऱ्यातला नाहीस, म्हणून विचारत नाही.

गार्नेटला आज चौथ्यांदा सांगितलं, माझ्या फळीवरून काडतुसं हलव. नवरा म्हणून मी त्याचं एकोणतीस वर्षं पुष्कळ सोसलंय, पण तळघरातली ती फळी बरण्यांची आहे. टोमॅटोच्या अकरा बरण्या जमिनीवर बसल्यात आणि त्याच्या डब्या वर, राजासारख्या. गेल्या वर्षापासून सगळ्या खोऱ्याला हेच वेड लागलंय. दुकानात माल आला की तासाभरात फडताळ रिकामं. ज्यांनी दहा वर्षांत ससा मारला नाही तेसुद्धा पेट्या भरून ठेवतायत. आमच्या घराला वर्षाला दोन हरणं लागतात. मी म्हटलं, "दोन हरणांना दोनशे काडतुसं? लढाईला निघालायस का?"

तर म्हणतो कसा, "आणि तुझी ती सतरा सालची फरसबी कुठल्या लढाईसाठी ठेवलीयस?"

फरसबी खराब होत नाही असं मी म्हटलं. काडतुसंही होत नाहीत असं तो म्हणाला. मग मी त्याला जेवायला वाढलं, कारण तोंड बंद करायचा दुसरा उपाय नव्हता.

शेवटी ठरलं ते असं. यंदा काडतुसांना दीडशे डॉलर, वर एक सेंट नाही. लाकडं घ्यायचीत, ट्रकचे टायर गुळगुळीत झालेत. आणि पैसे माझ्याकडे. गार्नेटच्या हातात पैसे देऊन त्याला दुकानात पाठवलं की तो शहाणपण घरी ठेवून जातो.

म्हणून बुधवारी मीच बर्लच्या दुकानात गेले. गार्नेटच्या बंदुकीचं एकही काडतूस नव्हतं. बर्ल मला बघून म्हणाला, "डेल्फिया, थांब जरा," आणि गल्ल्याखालून सहा डब्या काढून समोर ठेवल्या. पस्तीस नंबरच्या काडतुसांच्या. कंपनी ती मनात येईल तेव्हा बनवते, दोन-दोन वर्षं दिसत नाहीत. म्हणाला, "खोऱ्यात हे खाणारी एकच बंदूक होती, तुझ्या बाबांची. म्हणून तुझ्यासाठी दडवून ठेवलं."

बर्ल म्हातारा झालाय, कोणती बंदूक कुठे गेली ते त्याला आठवत नाही. ती आता आमच्याकडे नाही, एवढं बोलून मी घरी यायला हवं होतं. मी म्हटलं, "कुणाला देऊ नकोस."

घरी येऊन सांगितलं तर गार्नेट इतका हसला की त्याला खोकला लागला. "मला फळीवरून ओरडतेस, आणि स्वतः ज्या बंदुकीची काडतुसं घेतेस ती ओहायोत, हॉलिसकडे!"

हस म्हटलं.

आता तुला सांगते, कारण मला कळलंय. तुझ्या टेसानं उन्हाळ्यात फोन केला होता. तिच्यावर चिडू नकोस, मीच खोदून विचारलं. म्हणाली, बाबा दर शरदात आजोबांची बंदूक काढतात, तेल लावतात आणि परत ठेवून देतात. ओहायोत त्या काडतुसानं हरीण मारायची परवानगीच नाही. चार वर्षं ती बंदूक नुसती तेल पिते आहे, हॉलिस. बाबांनी बघितलं असतं तर दोघांच्या पाठीत लाकूड घातलं असतं.

ती बंदूक मला हवी होती. मी पहिलं हरीण त्याच बंदुकीनं मारलं, अकरा वर्षांची असताना. तू तेव्हा पाळण्यात बोटं चोखत होतास. बाबांनी मुलगा म्हणून तुला दिली. त्याचा राग बाबांवर काढता येईना, ते तर गेले होते. म्हणून मातीनंतर चर्चच्या तळघरात, सगळे जेवत असताना, मी तुला म्हणाले की तू ती अ‍ॅक्रनला तुझ्या घरी नेऊन दारूसाठी गहाण टाकशील. तेव्हा तुझं पिणं सुटून सहा वर्षं झाली होती. मला माहीत होतं. बोलतानाच माहीत होतं. तू ताट खाली ठेवलंस आणि निघून गेलास.

ते मी बोलायला नको होतं. एकदा लिहिलंय, परत लिहायला लावू नकोस.

तर हिशेब असा. डबीला पन्नास डॉलर, डबीत वीस काडतुसं. हंगामाआधी नेम तपासायला तीन, हरणाला एक, तुझ्या चुकीला एक. बाबांना चुकीचं लागत नसे, तुला लागतं. म्हणजे वर्षाला पाच, एका डबीत चार वर्षं. माझ्या पैशांत तीन डब्या येतात, म्हणजे बारा वर्षं. तू एकोणपन्नासचा. मी हे कागदावर मांडत होते तेव्हा गार्नेट मागून वाकून म्हणाला, "एकसष्टाव्या वर्षीच त्याला घरी बसवतेस होय? सासरे चौऱ्याहत्तरीपर्यंत डोंगर चढत होते." आणि गेला. शुक्रवारी बघते तर फळीवरच्या त्याच्या डब्या अर्ध्या झालेल्या. पलीकडच्या लोवेलला विकल्या, हे लोवेलकडूनच कळलं, आणि दीडशे डॉलर माझ्या पिठाच्या डब्याखाली ठेवले. मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. टोमॅटो वर ठेवले.

म्हणजे आता सहाही घेता येतील. पण बंदूक नाही तर काडतुसं घेऊन करू काय? आणि तू एकदाच येऊन जाणार असशील तर एक डबी पुरे, बाकीच्या पैशांत टायर येतील. मी मूर्ख नाही.

हंगाम बावीस नोव्हेंबरला सुरू होतोय, सोमवारी. शाळा आठवडाभर बंद, टेसालाही आण. थँक्सगिव्हिंगला टर्की मी करते, पण घरामागचा उतार शिकारीला तुझा. वरच्या ओकाखाली बाबांची जागा आम्ही कुणी वापरलेली नाही. परवाना तुला बाहेरचा म्हणून महाग पडेल. इथे जन्मून बाहेरचा झालास, त्याला मी काय करू.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. माफी लिहून पाठव असं म्हणत नाही, लांबलचक काही लिहू नकोस, मला वाचायचा कंटाळा आहे. फक्त आकडा लिही. शून्य असेल तर शून्य लिही, मी बर्लला सांगेन. पण शनिवार, सोळा तारखेला दुपारी तो दुकान बंद करतो आणि त्यानंतर डब्या दुसऱ्याला देईन म्हणालाय. त्याआधी माझ्या हातात उत्तर हवं: किती डब्या घेऊ?

तुझी थोरली बहीण,
डेल्फिया